घरची पाठ

मणके बसवायला शिकवणाऱ्या टेकडीवरच्या कॉलेजात नाव घातलं की पुस्तकांच्या आधी एक पाठ मिळवावी लागे. बायकोची, भावाची, घरमालकिणीची, कोणाचीही चाले. पण ती एकच, आणि कोर्स संपेपर्यंत तीच. दर आठवड्याला तिच्यावर बोटं फिरवायची, मणका न् मणका ओळखीचा करायचा, कुठला कललाय, कुठला अडकलाय, कुठल्याच्या बाजूचं मांस गाठाळलंय ते न बघता सांगायचं. तिला सगळे घरची पाठ म्हणत. शेवटच्या परीक्षेला तीच पाठ घेऊन जायची आणि तीन परीक्षकांसमोर मानेपासून माकडहाडापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायची. अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टच्या त्या टेकडीवर विद्यार्थ्यांच्या तावडीतून एकही पाठ सुटली नव्हती. दूधवाला बाटल्या ठेवायला वाकला, तरी जिन्यावरून कोणीतरी ओरडे, "तसेच थांबा हो जरा!"

डेल्मर टीडेमानला पाठ शोधावी लागली नाही. त्याची थोरली बहीण अल्विना आपली पाठ घेऊनच मस्कटीनहून त्याच्याबरोबर आली होती.

मस्कटीन म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचं गाव. सगळं गाव शिंपल्यांची बटणं कापून जगायचं. डेल्मर लढाईवर जाण्याआधी तेच करायचा. इटलीत सुरुंग फुटला आणि दोन्ही डोळे गेले. सैन्याच्या इस्पितळात त्याला केरसुण्या बांधायला शिकवायला घेतलं, मग टोपल्या विणायला, मग पियानो सुरात लावायला. केरसुण्या बऱ्या बांधायचा, पण बांधून झाली की दूर भिरकावून द्यायचा. शेजारच्या खाटेवरच्या कॅन्ससच्या माणसाने सांगितलं, आमच्या गावात एक आंधळा कायरोप्रॅक्टर आहे, हाताने मणके बसवतो, लोक दारात रांग लावतात. त्या दिवसापासून डेल्मरने केरसुणीला हात लावला नाही. लढाईवरून आलेल्यांची फी सरकार भरत होतं. प्रश्न एकच होता, पुस्तकं वाचणार कोण?

"मी वाचीन की," अल्विना म्हणाली. "शाळा सोडल्यापासून बायबल आणि बियाण्यांची जाहिरात सोडून काही वाचलं नाही मी. तेवढंच ज्ञान वाढेल."

तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, हे डेल्मरला ठाऊक होतं. हार्लन व्होस नावाचा बिजवर होता, स्वभावाने गरीब, खरबुजांची शेती असलेला. अल्विनाने त्याला सांगितलं, डेलचं कॉलेज होऊ दे, मग बघू. व्होसने मान डोलावली आणि वाट पाहायला लागला. आमच्याकडची माणसं वाट पाहण्यात पटाईत असतात.

कॉलेजात हाताचं शिक्षण डॉक्टर प्रूइट द्यायचे. परवान्याशिवाय मणके बसवले म्हणून दुसऱ्या एका राज्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेला हा म्हातारा. तुरुंगात जेलरची मान बसवून दिली, हे तो प्रत्येक नव्या वर्गाला सांगे आणि प्रत्येक वर्षी जेलर थोडा जास्त आडदांड होई. डेल्मर पहिल्या दिवशी काठी टेकत आला तेव्हा वर्गात कुजबुज झाली.

"आंधळा आहेस?" प्रूइटनी विचारलं.

"हो, सर."

"चांगलं झालं. डोळेवाल्यांचा एक महिना डोळे मिटायला शिकवण्यात जातो माझा. बस पुढे."

मग त्यांनी आपल्या डोक्याचा एक केस उपटला, टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली ठेवला आणि डेल्मरला तो शोधायला सांगितला. त्याला तो लगेच सापडला. दोन पानांखाली सापडला. चार पानांखाली बोट इकडेतिकडे फिरलं आणि थांबलं. "आहे तो केस," प्रूइट म्हणाले, "पण तुला तो आहे असं वाटतंय की लागतोय?" मग ते वर्गाकडे वळले. "ऐका सगळ्यांनी. बोटाला लागेल ते तोंडाने बोलायचं. न लागलेलं बोलाल तर खोटारडे. आणि लागलेलं बोलला नाहीत, तर मी म्हणेन तुम्हाला काही सापडलंच नाही. माझ्या डोक्यावर फार केस राहिलेले नाहीत, तेव्हा घरी सराव करा."

घरी केस अल्विनाचे जायचे. "तू डॉक्टर होईस्तोवर मी टकली होणार," ती म्हणायची आणि आणखी एक उपटून द्यायची.

लोकांना वाटतं, मणके बसवणं म्हणजे मान पकडून कडकन मोडली की झालं. असं बोलणाऱ्याला त्या कॉलेजात एक आठवडा बसवायला हवं. हाडं, सांधे, मज्जातंतू, रक्त, रसायन, जंतू, एक्स-रेच्या प्लेटी, सगळं यायला लागे. कॉलेजच्या डिप्लोम्यावर भागत नसे. त्यानंतर राज्याची वेगळी परीक्षा, तिला औषधवाल्या डॉक्टरकीच्या पोरांबरोबर बसायचं. कित्येकांचं घोडं तिथेच पेंड खायचं. आणि हे सगळं डेल्मरच्या कानातून आत जायचं होतं. अल्विना दिवसभर एका लाँड्रीत इस्त्री करी, घरी येऊन बटाटे आणि आंबवलेल्या कोबीचं जेवण करी, भांडी घाशी आणि मग स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसे. लॅटिन नावांचा तिने असा चुराडा केला होता की पहिल्या तोंडी परीक्षेत परीक्षक हसून हसून खोकायला लागला. मग तिने उपाय काढला. मस्कटीनच्या बटणांच्या कारखान्यात तिच्या रांगेत बसणाऱ्या बायकांची नावं तिने मणक्यांना दिली. मानेचा पहिला म्हणजे मुकादमीण, कारण डोकं तिच्यावर, काम शून्य. कंबरेचा शेवटचा म्हणजे बर्निस, सगळा भार हिच्यावर आणि कुरकुर सगळ्या गावाला ऐकू.

"विनी, अगं तूच का नाही बसत परीक्षेला?" डेल्मर एकदा म्हणाला. "तुला माझ्यापेक्षा जास्त येतं."

"मला काय येतंय कपाळ! मी नुसती वाचते. पोस्टमन पत्रं पोचवतो म्हणून त्याला सगळ्यांची लफडी कळतात का?"

पण तिला येत होतं. तो चुकला की पान न उलटता ती दुरुस्त करायची.

रविवारी सकाळी चर्चहून आलं की घरची पाठ. घडीचं टेबल उघडायचं, अल्विनाने पालथं झोपायचं, टेबलाच्या खाचेत तोंड ठेवायचं आणि डेल्मरने वाचायला सुरुवात करायची. तिच्या पाठीवर तो सगळं शिकला. लाँड्रीत उभं राहून उजवा खांदा उतरलाय, हे त्याने तिच्या आधी ओळखलं. ती कधी रडून झोपली, हेसुद्धा मानेवरून कळायचं, पण ते परीक्षेत विचारत नसत. त्याच्या हाताखाली मणका हलका टक वाजून जागेवर आला की ती खाचेतून म्हणायची, "आहाहा! व्होसला सांगते, आता घाई नाही, मला घरचाच डॉक्टर मिळाला."

तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात, असाच एक रविवार होता. चुलीवर डुकराचं मांस शिजत होतं आणि अल्विना बर्निसच्या कुठल्याशा गोष्टीवर हसत होती. डेल्मरची बोटं खांद्यांच्या हाडांमधून खाली आली आणि एका मणक्यापाशी थांबली. तो मणका बाकीच्यांसारखा नव्हता. कललेला नव्हता, अडकलेला नव्हता. दाबला की हाड परत ढकलतं, हे हाड परत ढकलत नव्हतं. दाब आत जाऊन नाहीसा होत होता.

ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला सगळीकडे खिळाच दिसतो. डेल्मरला वाटलं, मणका खचून बसलाय, आणि त्याने शिकवल्याप्रमाणे तळहात टेकून झटका दिला. अल्विनाच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही रे. जीभ चावली."

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा एकदा केलं. या वेळी ती ओरडली नाही, पण टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली की लाकूड करकरलं. त्यानंतर त्याने तिथे जोर लावला नाही.

तो प्रूइटांकडे गेला. वर्ग सुटल्यावर, सगळे गेल्यावर, सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "सर, दाबलं की परत ढकलत नाही, असं हाड कधी असतं?"

प्रूइटनी उलट विचारलं, "कोणाचं आहे?"

"कॉलेजच्या क्लिनिकातला एक पेशंट."

"वय?"

"चाळिशीच्या आतबाहेर."

"त्याला हात लावू नकोस. कोणालाही लावू देऊ नकोस. ते हाड आतून पोखरलं गेलंय. त्याला मोठ्या इस्पितळात पाठव, आजच्या आज. आपण कशासाठी आहोत हे शिकायला तीन वर्षं लागतात, टीडेमान. आपण कशासाठी नाही, हे काहींना मरेपर्यंत कळत नाही. पाठवशील ना?"

"पाठवतो," डेल्मर म्हणाला.

आणि त्याने पाठवलं नाही. का पाठवलं नाही, याचं गोड कारण कोणी देऊ नये. त्यानेही कधी दिलं नाही. आधी वाटलं, माझ्या बोटांची चूक असेल. मग वाटलं, एवढ्यात सांगून तिला कशाला घाबरवायचं, नाताळ होऊन जाऊ दे. पण या सगळ्याच्या तळाशी एक विचार होता, आणि तो इतका हलकट होता की त्याने स्वतःशीही तो पुरता उच्चारला नाही. एप्रिलात परीक्षा होती. अर्धं जंतुशास्त्र वाचायचं राहिलं होतं. विनी इस्पितळात गेली तर वाचणार कोण, आणि पाठ कोणाची न्यायची?

सगळा हिवाळा त्याने तोंड शिवून काढला. रविवारी टेबल उघडायचं, वरून खाली बोटं न्यायची, त्या जागेवरून नुसती फुंकर मारल्यासारखी पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "सगळं ठीक आहे." चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं झालं होतं, अल्विना जिना चढताना मधेच थांबली की तो हातातलं काम सोडून कान लावायचा. ती म्हणायची, या मिसेस एलर्सच्या घराचा जिना दर वर्षी वाढतो. मिसेस एलर्स त्यांची घरमालकीण. तीही म्हणायची, "अल्विना, अगं किती वाळलीस! पोराला डॉक्टर करता करता तू काडी झालीस." अल्विना हसायची. वाचताना तिचा आवाज बारीक झाला होता. पान उलटताना ती श्वास धरायची. त्याला ते सगळं ऐकू यायचं. आंधळ्याला सगळं ऐकू येतं. तो म्हणायचा, "पुढे?" आणि ती पुढे वाचायची.

परीक्षेचा नियम असा होता की आदल्या आठवड्यात त्या पाठीची एक्स-रे प्लेट काढून परीक्षकांकडे द्यायची. विद्यार्थ्याने आधी हाताने वाचायचं, मग परीक्षक प्लेटशी ताडून बघणार. अल्विना प्लेट काढायला एकटीच गेली. आली ती नेहमीसारखीच आली. "काय म्हणाले?" त्याने विचारलं. "काय म्हणणार? श्वास धरा, श्वास सोडा. नवऱ्याने तरी इतक्यांदा श्वास धरायला लावला नसता." मग ती बटाटे सोलायला बसली.

परीक्षेची खोली लांब होती. फरशीला मेणाचा वास होता. तीन खुर्च्या करकरल्या, त्यातली मधली प्रूइटांची, कारण पाठोपाठ त्यांचा खोकला आला. अल्विना टेबलावर चढली. चढायला तिला वेळ लागला. डेल्मरने हात चोळून गरम केले आणि सुरुवात केली.

मानेचे मणके त्याने भराभर सांगितले. दुसरा किंचित उजवीकडे फिरलेला, बाजूचं मांस ताठ. खांद्यांच्या मधे आला. हा ठीक, हा ठीक, याच्या डाव्या बाजूला जुनी गाठ. कागदावर पेन्सिली सरसरत होत्या. मग तो त्या मणक्यापाशी आला. हिवाळाभर त्याने तिथून नुसती बोटं उडवली होती. आता ती टेकवली. नोव्हेंबरात एकच होता. आता वरचाही तसाच झाला होता.

पेन्सिली थांबल्या.

त्याला कळलं की समोर प्लेट आहे, आणि या तिघांना ठाऊक आहे. पुढे सरकला असता तर नापास झाला असता, तेवढंच. पण खाचेत तोंड घालून विनी झोपली होती आणि ऐकत होती. बोललो तर तिला कळणार. तिला हे माझ्या तोंडून, या तीन माणसांसमोर, मार्कांसाठी कळणार.

"थांबलास का?" प्रूइट म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "बोटाला काय लागतंय?"

"हाड," डेल्मर म्हणाला. "हाड मऊ झालंय. दोन. आतून पोखरलंय."

"मग काय करशील?"

"काही नाही. हात लावणार नाही. कोणी लावू नये. हे आपलं काम नाही. मोठ्या इस्पितळात पाठवायचं."

"कधी?"

इथे त्याला 'आजच' म्हणता आलं असतं. पुस्तकात तेच उत्तर होतं, अल्विनानेच वाचून दाखवलेलं.

"नोव्हेंबरातच पाठवायला हवं होतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच लागलं होतं, सर. मी तुम्हाला खोटं सांगितलं. क्लिनिकातला पेशंट नव्हता. विनी होती. मी दोनदा त्यावर जोर लावला आणि मग गप्प बसलो."

एका परीक्षकाने नाक ओढलं. मग खालून, टेबलाच्या खाचेतून, अल्विनाचा दबलेला आवाज आला.

"डॉक्टर, ते नोव्हेंबरचं मार्कांत धरायचं नाही हं. परीक्षा आजची आहे. पास केलंत का त्याला?"

प्रूइट उठून टेबलाजवळ आले. त्यांनी डेल्मरच्या मनगटावर हात ठेवला.

"केलं, मिस टीडेमान," ते म्हणाले. "पास केलं."

"मग झालं तर. आता मला कोणीतरी उठवा."

पुढचं थोडक्यात सांगायचं तर डेल्मर राज्याच्या परीक्षेतही पास झाला, तेव्हा अल्विना इस्पितळात होती आणि अधूनमधूनच शुद्धीवर येत होती. ऑगस्टात ती गेली. व्होस दफनाला आला, सगळ्यात मागे उभा राहिला आणि कोणाशी न बोलता खरबुजांच्या शेतावर परत गेला. डेल्मरने मस्कटीनला दवाखाना काढला आणि पुढे तीस-एक वर्षं तिथे लोकांच्या पाठी वाचल्या. पण त्याला मनापासून आठवायची ती परीक्षेनंतर घरी जातानाची वाट.

टेकडी उतरायला दगडी पायऱ्या होत्या. तिने त्याचा दंड धरला होता. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बहीण आंधळ्या भावाला नेतेय. एका पायरीवर ती थांबली. नदीवरून वारा येत होता आणि खाली कुठेतरी मालगाडी शंटिंग करत होती.

"विनी, तुला प्लेट काढली तेव्हाच कळलं ना? त्यांनी सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाले, परीक्षा पुढे ढकलतो. मी म्हटलं, खबरदार. परीक्षा होईपर्यंत तोंडाला कुलूप लावा."

"मी नोव्हेंबरात बोललो असतो तर—"

"तर मी म्हणाले असते, गप्प बस आणि पुढचा धडा ऐक."

"विनी, असं बोलू नकोस. मी बोललो असतो तर तू वाचली असतीस का ते सांग."

मग तिने सांगितलं, नेहमीच्याच आवाजात, भाजी महाग झाली असं सांगावं तसं. "अरे वेड्या, तुझ्या बोटांना लागायच्या कितीतरी आधी मला लागलं होतं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. छातीवर गाठ होती, तीच आता हाडांत उतरलीय. मी गावातल्या डॉक्टरला दाखवलीसुद्धा. तो म्हणाला लगेच कापून घे, दोन-तीन महिने पडून राहा, मग बरी होशील बहुतेक."

"मग?"

"मग काय? तुझं ते मज्जातंतूंचं पुस्तक निम्मं राहिलं होतं. ते संपवू म्हटलं. ते संपलं तर दुसरं आलं."

डेल्मरने काठी सोडून दिली. ती खडखडत खाली गेली. तो पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन गुरासारखा ओरडून रडला. टेकडीवरून उतरणारी पोरं वाट बदलून पलीकडून गेली. अल्विना त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला त्याच्याशेजारी बसायचं होतं, पण आता बसलं तर पुन्हा उठता येणार नाही, हे तिला माहीत होतं.